चिठ्ठ्यांच्या पेटीतले प्रश्न : वाढलेली प्रोस्टेट आणि अचानक बंद पडलेलं हृदय

(मंडळाच्या निधी-संकलन कार्यक्रमात आरोग्य समितीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधी गाणी, मग आमची अर्ध्या तासाची बडबड आणि मग जेवण, असा आजचा क्रम कार्यकारिणीने ठरवला आहे. जेवणाच्या आधी बोलायला मिळालं हे आमचं भाग्य. श्रीखंड-पुरी झाल्यावर लघवीच्या तक्रारींवर कोण ऐकून घेणार?

आम्ही म्हणजे मंडळाच्या आरोग्य समितीतले डॉक्टर आणि नर्स. कुणी जीपी आहे, कुणी मूत्ररोग विभागात काम करतं, कुणी ए अँड ई मध्ये. गणपतीत आपण हॉलच्या दाराशी एक पेटी ठेवली होती. प्रश्न लिहा, नाव लिहू नका, एवढंच सांगितलं होतं. पेटी उघडली तेव्हा सगळ्यात मोठा गठ्ठा निघाला तो प्रोस्टेटचा. गंमत अशी की त्यातल्या निम्म्याअधिक चिठ्ठ्या बायकांनी लिहिलेल्या होत्या. "यांना रात्री चार-चार वेळा उठावं लागतं पण डॉक्टरकडे जायचं नाव काढत नाहीत, काय करावं?" असं जिथे लिहिलंय तिथे लिहिणारं कोण ते नाव नसलं तरी कळतंच की! दुसरा गठ्ठा आजच्या निधीबद्दलचा. हॉलच्या भिंतीवर आपण जे यंत्र बसवणार आहोत ते कशाला, ते कोण चालवणार, आणि हार्ट अटॅक व कार्डिअॅक अरेस्ट एकच का?

दोन विषयांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. आमच्या मते पुष्कळ आहे. माणसं बहुधा तीच, पन्नाशी ओलांडलेले पुरुष. गोळ्यांचा डबाही तोच, आणि त्या डब्यात प्रोस्टेटच्या व हृदयाच्या गोळ्या शेजारी-शेजारी बसतात. ते शेजारपण कधीकधी महागात पडतं. शिवाय दोन्हीकडे आडवा येतो तो संकोच. एकीकडे सांगायचा, दुसरीकडे हात लावायचा.

आधी प्रोस्टेट. ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. तरुणपणी अक्रोडाएवढी असते. वय वाढतं तशी ती संप्रेरकांच्या परिणामामुळे वाढते. हा काही कुणाच्या वागण्याचा दोष नाही. एक्कावन्न ते साठ या वयातल्या सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ दिसते, ऐंशीच्या पुढे दहातल्या नऊपर्यंत. म्हणजे या हॉलमध्ये ज्यांना वाटतंय की आपण एकटेच आहोत, त्यांनी जरा डावीकडे-उजवीकडे पाहावं.

आतली नळी दाबली गेली की धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, झाल्यावर पुन्हा थेंब-थेंब होते. मूत्राशयाला जोर करावा लागतो, ते चिडखोर होतं, मग घाई आणि वारंवार जाणं. ग्रंथी किती मोठी आहे यावर त्रास किती होणार ते ठरत नाही. छोट्या ग्रंथीवाल्याला भरपूर त्रास आणि मोठ्या ग्रंथीवाल्याला काहीच नाही, असं आम्ही रोज पाहतो. म्हणून सोनोग्राफीच्या कागदावरचा आकडा वाचून घाबरू नका आणि गावाकडच्या चुलतभावाच्या आकड्याशी तुलनाही करू नका. इथे जीपी तुम्हाला सात प्रश्नांचा एक तक्ता भरायला देतील. त्याचे गुण शून्य ते पस्तीस. सातपर्यंत सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीसपासून पुढे तीव्र. त्याखाली आणखी एक प्रश्न असतो : आयुष्यभर हे असंच राहिलं तर तुम्हाला कसं वाटेल? आमच्या मते खरा प्रश्न हाच. ज्याला रात्री एकदा उठायचं काही वाटत नाही, त्याला औषधाची गरज नाही.

"हा कॅन्सर आहे का? पुढे होतो का?" ही चिठ्ठी नऊ वेळा आली. नाही. ही वाढ कॅन्सर नव्हे आणि तिचं कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही. मात्र एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, आणि प्रोस्टेटचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा काहीच त्रास देत नाही. तेव्हा "मला लघवीचा त्रास नाही, म्हणजे मी सुरक्षित" हा हिशेब चुकीचा. पीएसए नावाची रक्ततपासणी असते. सगळ्या पुरुषांना सरसकट बोलावून ती करण्याची मोहीम या देशात नाही, पण पन्नाशीनंतर जीपीशी फायदे-तोटे बोलून ती मागता येते. वडील किंवा भाऊ यांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर त्या आधीच विषय काढा. तपासणीच्या आधीचे दोन दिवस जोरदार सायकलिंग आणि शरीरसंबंध टाळावेत, आणि लघवीचा जंतुसंसर्ग होऊन गेला असेल तर सहा आठवडे थांबावं, नाहीतर आकडा उगाच वाढलेला दिसतो. आणि लघवीतून रक्त गेलं तर, एकदाच गेलं आणि दुखलं नाही तरी, लगेच दाखवा. "परवा बीट खाल्लं होतं" असं म्हणून सोडून देऊ नका.

औषधं मुख्यतः दोन प्रकारची. पहिला प्रकार टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांचा. ग्रंथीचे आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू त्या सैल करतात, काही दिवसांतच फरक जाणवतो, ग्रंथी मात्र आहे तेवढीच राहते. दुसरा प्रकार फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड. त्या ग्रंथी हळूहळू लहान करतात, पण पूर्ण गुण यायला सहा महिने लागतात. दीड महिन्यात "काही उपयोग नाही" म्हणून सोडणारे आम्हाला नेहमी भेटतात. या दुसऱ्या प्रकाराने काहींची कामेच्छा कमी होते, ताठरतेला अडचण येते. हे डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे, मनात ठेवण्यासारखं नाही. तसंच या गोळ्यांमुळे पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर येतो, म्हणून तपासणीच्या वेळी गोळी चालू असल्याचं सांगायलाच हवं. भारतातून आणलेल्या पाकिटांत बरेचदा दोन्ही औषधं एकाच गोळीत असतात, हे इथल्या जीपीला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही. रिकामं पाकीट खिशात घालून घेऊन जा. आणि आजोबांना गोळी गिळता येत नाही म्हणून गरोदर सुनेने ती कुटून देऊ नये. पोटातल्या मुलग्याच्या वाढीला ते औषध अपायकारक आहे.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर टॅमसुलोसिन घेत असल्याचं, किंवा पूर्वी घेत होतो असंही, डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. त्या औषधाने डोळ्यातली बाहुली शस्त्रक्रियेत सैल पडते. आधी माहीत असलं की ते तयारीत राहतात.

"आयुर्वेदिक काही आहे का?" चंद्रप्रभा, गोखरू, वरुण यांची नावं चिठ्ठ्यांत होती. कुणी इथल्या दुकानातल्या सॉ पामेटोबद्दल विचारलंय. सॉ पामेटोवर अमेरिकेत मोठे अभ्यास झाले, त्यांचे निष्कर्ष २००६ आणि २०११ साली आले, आणि दोन्हींत साध्या दिखाऊ गोळीपेक्षा अधिक उपयोग दिसला नाही. बाकीचं तुम्ही घेत असाल तर घेता हे सांगा, एवढीच आमची विनंती. लपवून घेतलेलं औषध आम्हाला सगळ्यात जास्त छळतं.

एक साधी गोष्ट मात्र फार महत्त्वाची आहे. सर्दीची गोळी! नाक मोकळं करणाऱ्या स्युडोएफेड्रिनच्या गोळ्या आणि सर्दी-अॅलर्जीची झोप आणणारी जुनी औषधं यांनी वाढलेल्या प्रोस्टेटवाल्याची लघवी साफ तुंबू शकते. थंडीच्या दिवसांत ए अँड ई मध्ये हे दृश्य नवीन नाही. मुंबईहून विमानात नऊ-दहा तास बसून आलेले सासरे, सर्दीची गोळी घेतलेली, वर एक ड्रिंक, आणि बाहेर रांग असते म्हणून लघवी धरून ठेवलेली. उतरल्यावर होतच नाही. ओटीपोट फुगतं, कळा येतात. असं झालं तर घरी कढत पाण्याच्या पिशव्या आणि धण्याचं पाणी यांत रात्र काढू नका. नळी घातली की पाच मिनिटांत माणूस हसायला लागतो. पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांना ए अँड ई मधले उपचार मोफत असतात. भरती करावं लागलं तर मात्र इंग्लंडात नेहमीच्या दराच्या दीडपट बिल लागतं, म्हणून प्रवासाचा विमा काढताना जुनं दुखणं लपवू नये. कळा न येता हळूहळू तुंबणारी लघवी याहून फसवी. दिवसभर थेंब-थेंब, रात्री अंथरूण ओलं, आणि आत मूत्रपिंडांवर दाब. "वयाने होतं हो" म्हणून घरचे चादरी बदलत राहतात.

शस्त्रक्रियेबद्दल सगळ्यात जास्त भीती आणि सगळ्यात जास्त गैरसमज. नेहमीची शस्त्रक्रिया, टीयूआरपी, पोटावर चिरा न देता लघवीच्या मार्गातूनच होते आणि आतला वाढलेला भाग खरवडून काढतात. एक-दोन रात्री रुग्णालयात, तेवढाच वेळ नळी, आणि नंतर दोन-तीन आठवडे लघवीत थोडं रक्त दिसू शकतं. ग्रंथी फार मोठी असेल तर लेझरची पद्धत आहे. अलीकडे वाफेने भाग जाळणं, छोट्या चापांनी ग्रंथी बाजूला धरून ठेवणं असेही उपाय निघाले आहेत, पण ते सगळ्यांना लागू पडत नाहीत. "ऑपरेशनने पुरुषत्व जातं का?" या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायला हवं. ताठरता बहुतेकांची होती तशीच राहते. बदलतं ते हे, की वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जातं. टीयूआरपीनंतर बहुतेकांचं असं होतं. सुखात फरक पडत नाही, अपायही होत नाही. आपल्याकडे "धातू जातो म्हणजे शक्ती जाते" ही समजूत खोलवर आहे, आणि आधी कुणी समजावलं नाही तर माणूस उगाच खचतो. मूल हवं असेल तर मात्र हे आधीच बोलायला हवं.

आता त्या गोळ्यांच्या डब्याकडे येऊ, कारण आमच्या मते आजच्या बोलण्यातला हाच भाग तुम्ही घरी न्यावा.

रात्री उठावं लागतं म्हणजे प्रोस्टेटच, असं धरून चालू नका. हृदय अशक्त झालं की दिवसभर पायांत पाणी साठतं, आणि आडवं झाल्यावर ते रक्तात परत येऊन रात्री लघवीवाटे निघतं. मधुमेहातही रात्री उठावं लागतं, आणि झोपेत श्वास अडकून घोरणाऱ्यांनाही. संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ खोल उमटत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर प्रोस्टेटची गोळी वाढवून काही होणार नाही. हृदय तपासायला हवं.

दुसरी गोष्ट. प्रोस्टेटसाठी टाडालाफिल नावाची रोजची कमी मात्रेची गोळीही देतात. हेच औषध, आणि त्याचा प्रसिद्ध भाऊ सिल्डेनाफिल, ताठरतेसाठीही घेतात. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा इथला जिभेखालचा स्प्रे यांच्याबरोबर ते घेतलं तर रक्तदाब धाडकन खाली येऊन जीवावर बेतू शकतं. टाडालाफिलनंतर किमान अठ्ठेचाळीस तास, सिल्डेनाफिलनंतर चोवीस तास तो स्प्रे वापरायचा नाही. छातीत दुखतंय म्हणून अँब्युलन्स आली, आणि बायको-मुलांसमोर बोलायची लाज वाटली म्हणून गोळीचं सांगितलं नाही, तर तो संकोच फार महाग पडेल. त्यांना बाजूला घेऊन सांगा, हवं तर कागदावर लिहून द्या.

तिसरी. ज्यांना स्टेंट बसवलाय त्यांनी प्रोस्टेटच्या ऑपरेशनसाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर हार्ट अटॅक येतो. ऑपरेशन पुढे ढकलायचं, की कुठली गोळी किती दिवस थांबवायची, हे हृदयाच्या आणि मूत्ररोगाच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं असतं. ते बोललेत का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि चौथी. टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनी उभं राहताना चक्कर येते, विशेषतः सुरुवातीला आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसा. लघवीला बसूनच करा, त्यात कमीपणा नाही. आणि रात्री बाथरूमला आतून कडी लावू नका.

का, ते सांगतो. पहाटे तीन वाजता बाथरूममधून धप्प असा आवाज आला. तुम्ही धावलात. माणूस पडलेला आहे. साधी चक्कर असेल तर श्वास नीट चालू असतो आणि आडवं पडल्यावर मिनिटाभरात तो डोळे उघडतो. पण हाक मारून, खांदे हलवून काहीच प्रतिसाद नसेल आणि श्वास नेहमीसारखा नसेल, तर हृदय बंद पडलंय असंच समजायचं. नाडी शोधत बसायचं नाही. घाबरलेल्या बोटांना स्वतःचीच नाडी लागते.

इथून आपला दुसरा विषय. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त नेणारी वाहिनी तुंबते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दुखतं, घाम येतो, तो बोलतो. कार्डिअॅक अरेस्टमध्ये हृदयाची विद्युत-यंत्रणा बिघडते, हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे जात नाही आणि काही सेकंदांत शुद्ध जाते. पहिल्यातून दुसरं होऊ शकतं, पण अटॅक न येताही अरेस्ट होतो, धडधाकट तरुणाला सुद्धा. २०१२ च्या मार्चमध्ये लंडनला टॉटनहॅमच्या मैदानावर फॅब्रिस मुआंबा कोसळला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. त्याचं हृदय ७८ मिनिटं आपणहून चाललं नाही, तरी तो जगला. जून २०२१ मध्ये कोपनहेगनला ख्रिश्चन एरिक्सन पडला, पुढे आठ महिन्यांत तो इथल्या ब्रेंटफर्डकडून पुन्हा खेळत होता. दोघेही वाचले, कारण छाती दाबणारे हात ताबडतोब पोचले आणि झटका देणारं यंत्र हाताशी होतं. नशीबही होतं, नाही असं नाही.

कारण एरवीचं चित्र वाईट आहे. या देशात रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या दहांपैकी एकसुद्धा धड वाचत नाही. काही न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता दहा टक्क्यांपर्यंत घटते. इंग्लंडमध्ये अशा कॉलला अँब्युलन्सने सरासरी सात मिनिटांत पोचावं असं उद्दिष्ट आहे. आता हिशेब तुम्हीच करा. उलट तीन ते पाच मिनिटांत झटका मिळाला तर निम्म्याहून जास्त माणसं वाचल्याचे दाखले आहेत. आणि या घटना मैदानावर कमी, घरात जास्त होतात. म्हणजे तुम्ही ज्याला वाचवणार तो अनोळखी पादचारी नसून बहुधा तुमच्याच घरातला असणार.

सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो श्वासाचा. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं माणूस आचके देतो, घशातून घरघर येते, मासा पाण्याबाहेर तोंड उघडतो तसं तोंड उघडतं. नातेवाईक म्हणतात, "श्वास चालू आहे, थांबा." हा श्वास नव्हे! हीच छाती दाबायची खूण. आणि कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, तोंडात पाणी घालणं, जिभेखाली सॉर्बिट्रेट कोंबणं यांतलं काहीही करायचं नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीच घालायचं नाही.

करायचं ते असं. ९९९ फिरवा, फोन स्पीकरवर जमिनीवर ठेवा. पलीकडचा माणूस शेवटपर्यंत तुमच्याशी बोलत राहतो आणि जवळचं यंत्र कुठल्या भिंतीवर आहे, पेटीचा आकडा काय, हेही सांगतो. बाथरूम अरुंद असेल तर ओढून सपाट जमिनीवर आणा. पलंगावर दाबून उपयोग नाही, गादीच दबते. शेजारी गुडघे टेका. एक तळवा छातीच्या मधोमध, दुसरा त्यावर, कोपरं सरळ. भाकरीचं पीठ मळताना अंगाचा भार तळव्याच्या टाचेवर येतो ना, तसाच भार द्यायचा. पाच-सहा सेंटिमीटर खाली, मग पूर्ण सोडायचं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. तोंडाने श्वास द्यायचं शिकला नसाल तर नुसतं दाबत राहा. दोन मिनिटांत दम लागतो, दुसऱ्याने घ्यायचं. "बरगडी मोडली तर?" मोडते कधीकधी. मोडलेली बरगडी जुळून येते.

"बाईमाणूस असेल तर?" हा प्रश्न एका तरुण मुलाच्या चिठ्ठीत होता आणि विचारल्याबद्दल त्याचं कौतुक. सार्वजनिक जागी कोसळलेल्या स्त्रियांना आजूबाजूचे लोक पुरुषांपेक्षा कमी वेळा हात लावतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पदर बाजूला करावा लागेल, ब्लाउज आणि आतलं वस्त्र कापावं लागेल, पट्ट्या उघड्या कातडीवरच चिकटतात. मंगळसूत्र, साखळी, जानवं बाजूला सारायचं. बाकीच्या बायकांनी पाठ करून साड्यांचा आडोसा धरावा. कायद्याची भीती असेल तर, इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ साली कायदाच झालाय की असा दावा आलाच तर मदत करणारा समाजाच्या भल्यासाठी धावला होता हे न्यायालयाने लक्षात घ्यायचं.

आता ते यंत्र. हृदयाला झटका देणारं फिरतं यंत्र प्रथम बनवलं ते बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी, १९६५ साली. ते सत्तर किलोचं होतं, मोटारीच्या बॅटरीवर चालायचं आणि अँब्युलन्समध्ये बसवलेलं होतं. आजचं यंत्र पोळपाटाच्या आकाराचं, दीड-दोन किलोचं. झाकण उघडलं की ते बोलायला लागतं. पट्ट्या कुठे लावायच्या ते चित्रात दाखवलेलं असतं. हृदयाची गती ते स्वतः तपासतं आणि गरज नसेल तर झटका देतच नाही. म्हणजे "मी चुकून कुणाला मारीन" ही भीती मनातून काढा. छाती ओली असेल तर पुसा, आणि यंत्र सांगेल तेव्हा कुणी रुग्णाला शिवायचं नाही, एवढंच पथ्य. एकटेच असाल तर रुग्णाला सोडून यंत्र आणायला धावू नका, दाबत राहा.

यंत्र साधारण हजार पौंडांच्या आगेमागे पडतं, आणि बाहेरच्या भिंतीवर बसवायची, थंडीत यंत्र गार पडू न देणारी पेटी आणखी काहीशे पौंड. चिकटपट्ट्या आणि बॅटरी काही वर्षांनी बदलाव्या लागतात, त्याचीही तरतूद निधीत धरली आहे. यंत्राची नोंद द सर्किट या राष्ट्रीय यादीत करणं तेवढंच महत्त्वाचं, नाहीतर ९९९ वाल्यांना ते आहे हेच कळत नाही. एका चिठ्ठीत विचारलंय, "हॉल भाड्याचा, मग आपल्या पैशाचं यंत्र दुसऱ्याच्या भिंतीला का?" कारण महिन्यातून दोनदा आपण दोन-अडीचशे माणसं तिथे जमतो, आणि आपल्या लोकांत हृदयविकाराचं प्रमाण या देशातल्या गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आहे. उरलेल्या दिवशी ते शेजारच्या रस्त्यावरच्या कुणाच्या उपयोगी पडलं, तर आमची काही हरकत नाही.

"हे पैसे गावी पाठवले असते तर?" हाही प्रश्न आहे आणि तो खोटा नाही. पण शिकलेले हात नसतील तर भिंतीवरचं यंत्र धूळ खातं, मग भिंत कोल्हापूरची असो की इथली. गावी नेता येते ती विद्या. सुट्टीत जाल तेव्हा एक संध्याकाळ घरच्यांना, शेजाऱ्यांना गोळा करा, उशीवर हात ठेवून दाखवा. महाराष्ट्रात १०८ ची अँब्युलन्स २०१४ पासून आहे, तो आकडा आईच्या फोनवर लिहून ठेवा.

शिकण्याचा वर्ग पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, याच हॉलमध्ये, सकाळी दहाला. सरावाचे पुतळे भाड्याने आणतोय. इंग्लंडच्या शाळांत २०२० पासून हे शिकवणं सक्तीचं आहे, त्यामुळे मोठ्या वर्गातली मुलं बरोबर आणा, ती आजोबांना दाखवतील. बायकांनी शक्यतो सलवार-कमीज किंवा पँट घालून यावं. ज्यांचे गुडघे टेकत नाहीत त्यांनीही यावं. फोन कसा करायचा, दुसऱ्याला कसं सांगायचं आणि दोन-दोन मिनिटांनी माणूस कसा बदलायचा, हे काम त्यांच्याकडे राहील. आणि त्या दिवशी मागच्या छोट्या खोलीत आमच्यापैकी दोघे जण त्या सात प्रश्नांचा तक्ता घेऊन बसतील. दार बंद राहील, नाव विचारणार नाही.